बाबा घरी आलेत, पण झोपलेत

मुंबई हायवर, म्हणजे भर समुद्रातल्या तेलक्षेत्रावर, ड्यूटी असलेल्यांच्या घरात कॅलेंडरला फार मान असतो. बऱ्याच घरांत १४ दिवस समुद्रावर, १४ दिवस घरी. बाहेरच्यांना वाटतं, अर्धा महिना सुट्टी, मज्जा आहे की! आपण हसून सोडून देतो. किनाऱ्यापासून साधारण १६० किलोमीटरवर रोज १२ तासांची शिफ्ट, त्यात रात्रपाळी, हे कुणाकुणाला सांगत बसणार?

खरी कसरत नवरा परत येतो त्या दिवसापासून सुरू होते. जुहूला हेलिकॉप्टरमधून उतरून तो घर गाठतो, तोवर आपली यादी तयार. गॅसचा रेग्युलेटर, शाळेतली मीटिंग, सासूबाईंचे डोळे, संध्याकाळी मावशीकडे जेवण. इतके दिवस आपणही एकटीनं खिंड लढवलेली असते. मूल त्याच्या हाती सोपवून हुश्श करावंसं वाटणारच. पण रात्रपाळीला सरावलेलं शरीर लगेच वळणावर येत नाही. सकाळी दहाला डोळे मिटायला लागतात, रात्री दोनला टक्क जाग. मग तो कशावरून तरी खेकसतो आणि आपण म्हणतो, आल्या आल्या सुरू झालं!

आणि मूल? कालपर्यंत ‘बाबा कधी येणार’ म्हणून डोकं खाणारं पोर आता आईच्या ओढणीमागे लपतं. बाबाचं तोंड एवढंसं होतं. पण मूल त्याला विसरलेलं नसतं, बहुतेकदा रुसलेलं असतं. ‘गेलास कशाला?’ हे त्याला विचारता येत नाही, एवढंच. तेव्हा ‘अरे, बाबाला पापी दे ना’ म्हणून पुढे ढकलू नये, असं मला वाटतं. बाबानं नुसतं शेजारी बसून केळं सोललं, तरी थोड्या वेळानं स्वारी मांडीवर येते.

‘श्श! बाबा झोपलेत!’ हे आपण सगळ्याच दिवसभर करतो. त्यातून मुलाला एवढंच कळतं की, बाबा घरी असला की खेळायची चोरी. त्यापेक्षा आधीच सांगून टाकलेलं बरं: चारपर्यंत बाबा झोपेचा, चारनंतर तुझा. उठवायचं काम मुलाकडेच द्यावं. आमच्याकडे चिरंजीव साडेतीनलाच पाण्याचा पेला घेऊन दाराशी ठाण मांडतात. चार वाजेपर्यंत त्यातलं अर्धं पाणी फरशीवर.

पावसाळ्यात तारखेचा भरवसा नसतो. हवा बिघडली, हेलिकॉप्टर उडालं नाही, की त्याच्या जागी येणारा रिलीव्हर पोचत नाही आणि त्याला निघता येत नाही. म्हणून मुलाला ‘शनिवारी’ असं पक्कं न सांगता ‘शनिवारच्या आसपास’ म्हणावं. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळात मुंबई हायवरच्या कामगारांचा पी-३०५ बार्ज बुडाला, कित्येक घरांतली माणसं गेली. तेव्हापासून वाऱ्याची बातमी लागली की आपल्या पोटात गोळा येतो. टीव्ही बंद केला तरी मुलं आपला चेहरा वाचतातच. मग ‘मलाही काळजी वाटतेय, फोन आला की दोघं बोलू’ एवढं तरी खरं सांगावं.

जायच्या आदल्या दिवशी मात्र घरोघरी कुरबुर होते. कारण काहीही पुरतं, भाजीतलं मीठसुद्धा. त्या दिवशी आमच्याकडे पाहुणे नकोत, हे मी सासरी-माहेरी दोन्हीकडे सांगून ठेवलंय. थोडे नाराज झाले. होऊ देत.