काटा रुतल्यावर अंगात काय होते?

आषाढात लावणीची धांदल असते. पोलादपूरचे डोंगरउतार असोत की महाडकडचा सावित्रीकाठ असो, सगळे अनवाणी चिखलात. अशा वेळी पायात काटा रुततो. "काट्याचे काय एवढे?" असे म्हणून आपण तो उपटतो आणि कामाला लागतो. रात्री पाय ठणकतो. सकाळी पाहावे तर जागा लाल, गरम, सुजलेली! पुढे पू धरतो, जांघेत अवधाण येते. हे का होते, ते आज आपण पाहू.

घर जसे विटांचे, तसे शरीर पेशींचे. पेशी म्हणजे शरीराचा जिवंत, अगदी बारीक कण. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही. रक्तात लाल पेशी असतात, तशा पांढऱ्याही असतात. पांढऱ्या पेशी म्हणजे अंगाचे राखणदार. हाडांच्या आतल्या मगजात त्या तयार होतात.

काही राखणदार कातडीखाली कायमचे ठाण मांडून असतात. काट्याबरोबर जंतू आत शिरले की ते जंतूंना गिळू लागतात आणि मदतीसाठी हाक देतात. ही हाक आवाजाची नव्हे, रसायनांची. त्या रसायनांनी तेथल्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात. त्यांतून पाणी झिरपते. म्हणून लाली येते, सूज येते.

आता रक्तातून वाहणाऱ्या पांढऱ्या पेशी तेथे येतात. वाहिनीच्या भिंतीला लागून त्या घरंगळत जातात, मग घट्ट चिकटतात. कुंपणाच्या फटीतून मांजर अंग चोरून जाते ना? तशाच त्या भिंतीतून बाहेर पडतात. मुंगी गुळाचा माग काढते, तशा त्या रसायनाच्या मागाने जंतूंपर्यंत पोचतात. जंतूंना गिळतात. पुष्कळ पेशी तेथेच मरतात. पू म्हणजे मुख्यतः या मेलेल्या पेशीच!

काही पेशी जंतूचा नमुना घेऊन जांघेतल्या गाठींकडे जातात. या गाठी म्हणजे अंगातल्या चौक्या. तेथे शत्रूची ओळख पटते, नवे राखणदार वाढतात, म्हणून गाठ फुगते. तिलाच आपण अवधाण म्हणतो. ते चोळू नये, दाबू नये.

पेशींचे हे राखणदारीचे काम कोणी ओळखले? १८८२ साली मेचनिकॉफ नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने. इटलीतल्या मेसिना गावी त्याने समुद्रातल्या तारामाशाच्या पिल्लाला गुलाबाचा काटा टोचला. पिल्लू काचेसारखे पारदर्शक होते. सकाळी पाहतो तर काट्याभोवती पेशी गोळा झालेल्या! १९०८ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. त्याचाच विद्यार्थी हाफकिन. मुंबईत प्लेग आला तेव्हा त्याने लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्याच्याच नावाची.

राखणदार एवढे शूर, मग लस कशाला? धनुर्वाताचे उदाहरण घ्या. त्याचे जंतू मातीत आणि शेणात असतात. त्यांचे विष मज्जातंतूंवर घाला घालते. राखणदारांना ओळख पटण्याआधीच घात होतो. लशीत तेच विष निरुपद्रवी करून दिलेले असते. त्याची ओळख आधीच पटते. पण ही ओळख पुढे फिकी होते, म्हणून सुई पुन्हा घ्यावी लागते. मुलांना दहाव्या व सोळाव्या वर्षी आणि गरोदरपणी मातांना ती देतात.

आम्ही लहानपणी जखमेवर शेणमाती दाबीत असू. आमच्या हाताने शत्रूलाच घरात घेत होतो, हे फार उशिरा समजले. तुम्ही तसे करू नका. काटा पुरता काढा. जखम साबणाने व स्वच्छ पाण्याने धुवा. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन सुईबद्दल विचारा. ताप आला, लाल रेघ वर चढू लागली, किंवा मधुमेह असला, तर लावणी राहू द्या. शेत उद्याही तेथेच असेल.

प्रश्न
१. काटा रुतलेली जागा का सुजते?
२. पू म्हणजे काय?
३. जखमेवर शेण का लावू नये?
४. तुमच्या घरी धनुर्वाताची सुई कोणी कोणी घेतली आहे? त्यांची नावे लिहा.