टाके ओले असताना

अंबरनाथ (पूर्व)
आषाढ

चि. सोनूस,

तुझे रात्री दोनला आलेले व्हॉइस मेसेज सकाळी ऐकले. जावईबापूंची झोप मोडू नये म्हणून तू किती दबक्या आवाजात बोललीस! डावी बाजू वर चढल्यासारखी आणि घट्ट वाटते, कूस बदलताना आतून गुळगुळ आवाज येतो, कातडीला हात लावला तर काही कळत नाही आणि मधूनच सुई टोचल्यासारखी कळ जाते. हे सगळं मला सांगितलंस, टाटा हॉस्पिटलच्या डॉक्टरांना मात्र नाही. घरातही कुणाला नाही. ‘एवढ्यातेवढ्यासाठी त्यांना कशाला त्रास’ म्हणालीस. फोनवर तू हो हो म्हणतेस आणि विसरतेस, म्हणून हे लिहून पाठवते. कागद उशाशी राहील.

आधी तुझ्या चार शंका. स्तन काढून तिथे इम्प्लांट छातीच्या स्नायूखाली बसवलं आहे, असं तुझ्या डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं मी वाचलं. तो स्नायू अजून आवळलेला आहे, वर सूज आहे, त्यामुळे ती बाजू वर आणि दगडासारखी वाटणार. स्नायू सैल पडून आकार खाली बसायला आठवडे लागतात, कधी महिनेही. आज आरशात दिसतो तो शेवटचा आकार नाही. गुळगुळ आवाज पोकळीत राहिलेल्या हवेचा आणि पाझराचा असतो, तो जिरतो. बधिरपणाचं मात्र तुला खरं सांगते. स्तन काढताना कातडीच्या बारीक नसा कापल्या जातात. काही ठिकाणची जाणीव महिन्यांनी परत येते, काही ठिकाणची पुरती येत नाही. मधूनच जाणारी ती कळ बहुतेक या नसांचीच असते. तेवढ्याने घाबरू नकोस.

पण बधिर कातडीवर गरम पाण्याची पिशवी ठेवायची नाही. सासूबाई मायेने शेकायला सांगतील, तरी नाही. चटका बसला तर तुला कळणारच नाही, फोड आल्यावर दिसेल. बर्फही थेट लावायचा नाही. तेल, हळद, कोरफड, कुणी सांगितलेला लेप, काहीही टाक्यांजवळ न्यायचं नाही.

आता कशाला घाबरायचं ते ऐक. एकच बाजू तासा-दोन तासांत टम्म फुगली आणि दुखणं वाढत गेलं, तर आत रक्त साठत असेल. ताप १००.४ च्या वर गेला, लाली पसरत चालली, पू किंवा घाण वास आला, टाक्यांची कड काळी पडली किंवा उसवली, एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली, दम लागला, यातलं काहीही झालं तर रात्रीचे किती वाजलेत ते बघू नकोस. कार्डावर नंबर दिला आहे तो अशाच वेळी लावायला. माझी सगळी नोकरी शस्त्रक्रियेच्या वॉर्डात झाली, तिथे दोन टोकं पाहिली. पुरुष पेशंट जरा ठणकलं की बेल वाजवायचा. बाई मात्र पू वाहायला लागेपर्यंत पदर सावरून पडून राहायची, कारण जागा छातीची. इम्प्लांटच्या बाबतीत असं थांबणं महागात पडतं. लागण लवकर कळली तर कधी औषधांवर भागतं. ती इम्प्लांटपर्यंत पोचली की बहुतेकदा इम्प्लांट काढावं लागतं आणि पुढची केमो किंवा रेडिएशनही लांबू शकतं. तेव्हा लाज बाजूला ठेव, एवढंच माझं मागणं आहे.

ड्रेनची बाटली तू शालीखाली लपवतेस असं तुझी आई सांगत होती. घरात सासरे आहेत, वन-बीएचके आहे, समजतं मला. पण लपवताना नळी ओढली जाते आणि आत शिरते तिथली कातडी दुखावते. बाटलीसाठी कापडी पिशवी शिवून गळ्यात अडकव. सकाळी आणि रात्री ठरलेल्या वेळी बाथरूममध्ये साबणाने हात धुऊन बसायचं. कातडीजवळची नळी एका हाताने घट्ट धरायची आणि दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी तिथून खाली बाटलीकडे दाबत आणायचं, म्हणजे अडकलेली गाठ सुटते. मग बाटलीवरचा आकडा डोळ्यांच्या रेषेत धरून वाचायचा, पाणी ओतायचं, बाटली दाबून हवा काढायची आणि दाबलेली असतानाच बूच लावायचं. बूच आधी लावलंस तर बाटली ओढणार नाही आणि पाणी छातीत साठत राहील. वहीत तारीख, वेळ, किती मिली, रंग कसा. लालाचं गुलाबी आणि गुलाबीचं फिकट पिवळं होत जातं. साधारण चोवीस तासांत ३० मिलीच्या आत, असे सलग दोन दिवस गेले की ड्रेन काढायचा विचार करतात, पण प्रत्येक सर्जनचा हिशेब थोडा वेगळा असतो. पिवळं झालेलं पुन्हा लालभडक झालं किंवा वाहणं एकदम थांबून छाती फुगली, तर लगेच फोन.

तुमच्याकडे बदलापूरला पाणी ठरल्या वेळी येतं आणि तेवढ्या वेळात पिंप भरावं लागतं. ते काम आता तुझं नाही. बादली नाही, हंडा नाही, कुकर नाही, धाकट्याला कडेवर घेणं नाही. दोन किलोच्या वरचं काही उचलू नकोस आणि हात खांद्याच्या वर नेऊ नकोस, फिजिओथेरपिस्ट सांगेपर्यंत. कोपर, मनगट, बोटं मात्र हलती ठेव, नाहीतर खांदा आखडतो. झोपताना पाठीमागे दोन-तीन उशा लावून अर्धवट बसल्यासारखं झोप.

मिश्रीचं बोलायलाच हवं. लग्नाआधीपासून सकाळी लावतेस. शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांनी ‘सिगारेट ओढता का’ विचारलं, तू नाही म्हणालीस, आणि ते खरंच होतं. पण मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू. त्यातलं निकोटिन हिरडीतून रक्तात जातं आणि बारीक रक्तवाहिन्या आकसवतं. स्तन काढल्यावर वर उरलेली कातडी पातळ असते, तिला रक्त आधीच कमी मिळतं. त्यात रक्तवाहिन्या आकसल्या तर कड काळी पडते, जखम भरत नाही, आतलं इम्प्लांट उघडं पडायची भीती. आपल्याकडे बायकांना मिश्री लावता का, असं विचारणारे थोडे, आणि विचारल्याशिवाय बाई सांगत नाही. पहिले काही दिवस डोकं दुखेल, चिडचिड होईल, पोट साफ होणार नाही. ते सोस. डबी घरातून बाहेर काढ, आणि पुढच्या भेटीत हे डॉक्टरांना स्वतःहून सांग. मी सोबत असेन.

खाण्याचं सोपं आहे. भात खाल्ला की पू होतो, दही-बटाट्याने जखम चिघळते, डाळ वातुळ, हे सगळं कानाआड कर. जखम भरायला प्रथिनं लागतात. अंडी, मूग, मटकी, वरण, दूध, चालत असेल तर मासे, सगळं खा. दुखण्याच्या गोळ्यांनी मलावरोध होतो, म्हणून पाणी आणि पपई-पेरू असू दे. कुंथायचं नाही.

कपड्यांचं मी बघते. उल्हासनगरच्या गजानन मार्केटमधून पुढून बटणं असलेले सुती गाऊन आणते, डोक्यावरून घालायचं काही नको. सर्जिकल ब्रा एकच आहे म्हणालीस. या पावसात ती वाळत नाही आणि तू दमट घालतेस. ओल्या कापडाखाली घाम साचला की कातडी खाजते, बुरशी धरते. तशीच आणखी एक घेऊ. एक अंगावर, एक पंख्याखाली पूर्ण वाळलेली.

गाडीचं. बदलापूरहून दादर म्हणजे तास-सव्वा तास, आणि सकाळच्या लोकलला चढताना आधी बायकांची कोपरं लागतात. राखीव दिव्यांग डब्यात कर्करोगाच्या रुग्णांना बसता येतं, फाइल हातात ठेव आणि संकोच न करता चढ. रिक्षात खड्ड्यांच्या रस्त्यावर पातळ उशी छातीशी धरून बस. आणि पाऊस. २७ जुलै २०१९ ला आपल्याच बदलापूर-वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्सप्रेस हजाराच्या वर प्रवाशांसकट पाण्यात अडकली होती, तुला आठवत असेल. म्हणून दुखणं वाढलं तर परळला टाटात पोचू या भरवशावर राहायचं नाही. १०८ लावायचा. उल्हासनगरला कॅम्प ३ मध्ये मध्यवर्ती रुग्णालय आहे, तिथे दाखवून टाटाला फोन करायचा. हे जावईबापूंना आजच सांगून ठेव.

सासूबाई म्हणाल्या, ‘जीव वाचला, आता हे चोचले कशाला?’ त्या वाईट बोलल्या नाहीत, त्यांना धास्ती आहे. त्यांना कावसजीची गोष्ट सांग. इंग्रजांच्या फौजेतला हा बैलगाडीवाला टिपूच्या माणसांच्या हाती सापडला, त्यांनी त्याचं नाक कापलं. १७९३ च्या सुमाराला पुण्याकडच्या एका विटा घडवणाऱ्या जातीतल्या माणसाने त्याच्या कपाळाची कातडी वळवून नवं नाक बसवलं. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या जेंटलमन्स मॅगझिनने ते चित्रासह छापलं, त्यावरून १८१४ मध्ये कार्प्यू नावाच्या सर्जनने तिकडे तशी शस्त्रक्रिया केली. नाकाशिवायही कावसजी जगला असता. पण चार माणसांत मान वर करून बसायचं होतं त्याला. तुलाही तेच हवं आहे आणि ते मागण्यात गैर काही नाही. सिलिकॉनचं इम्प्लांट तर १९६२ मध्ये ह्यूस्टनला टिमी जीन लिंडसे या बाईंना पहिल्यांदा बसवलं. तेव्हापासून त्यात दोष निघाले, सुधारणाही झाल्या. २०१९ मध्ये खरखरीत पृष्ठभागाची काही इम्प्लांट कंपनीने जगभरातून परत घेतली, कारण बऱ्याच वर्षांनी त्यांच्याभोवती एक दुर्मीळ लिम्फोमा आढळला होता. तू हेच वाचून रात्री जागलीस. हा पहिल्या आठवड्यांचा आजार नाही. तरीही इम्प्लांटचं कार्ड, ज्यावर कंपनी, प्रकार आणि नंबर असतो, ते आधारकार्डासारखं जप. इम्प्लांट आयुष्यभर टिकतंच असं नाही, पुढे कधी बदलावं लागलं तर तो नंबर लागेल.

आणि रडू येतं त्याचं. भूल, गोळ्या, झोप नाही, वर स्तन गेल्याचं दुःख. नवा आकार आहे म्हणून गेलेल्याचं दुःख करू नये, असं कुणी म्हटलं तर ऐकू नकोस. जखम बघायची नसेल तर अजून नको बघूस, पण रोज कुणीतरी बघायला हवी. जावईबापूंना बघू दे. त्या माणसाने ड्रेन ओतायला शिकवा म्हणून मला स्वतः फोन केला होता, तू त्याला दारातूनच परत पाठवतेस.

गुरुवारी ओपीडी आहे. सकाळी सहाच्या आत तुझ्याकडे येते, सातनंतरच्या गाड्या नकोत. फाइल, वही, कार्ड आणि तुझ्या शंकांचा कागद पिशवीत भरून ठेव. तोवर रोज रात्री नऊला मिलीचा आकडा आणि ताप मला पाठव. नऊला आला नाही तर मी फोन करीन.

तुझी
आत्या