शाळेचें वर्ष व कारखान्याची मजुरी

पुण्याजवळ पिंपरी, चिंचवड व चाकण या भागांत पूर्वीं शेती होती. पिंपरीस १९५४ सालीं पेनिसिलिनचा सरकारी कारखाना स्थापन झाला. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ निघालें, व पुढें मोटारींचे आणि त्यांच्या सुट्या भागांचे कारखाने उभे राहिले. आज तेथें दूरदूरच्या खेड्यांतून तरुण कामास येतात. एकाच दारानें आंत गेलेल्या दोघांच्या मजुरींत अंतर कां पडतें, हें आपण पाहूं.

१. मजुरीच्या पायऱ्या. सरकार किमान वेतन ठरवितांना अकुशल, अर्धकुशल व कुशल अशा श्रेणी पाडतें. ओझें उचलणारा खालच्या पायरीवर असतो. नकाशा वाचून, मायक्रोमीटरनें मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजून यंत्र चालविणारा वर असतो. दोघेही सारखेच घाम गाळतात. परंतु दुसऱ्याची जागा भरावयास माणूस सहज मिळत नाहीं.

२. शिक्षणाचा लाभ. अनेक देशांतील अभ्यासांवरून असें दिसतें कीं, शिक्षणाच्या दर वर्षामागें कमाई सरासरीनें सुमारें ९ टक्के वाढते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंत फिटरचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. त्यास दहावी उत्तीर्ण असावें लागतें. पुढें १९६१ च्या कायद्याप्रमाणें शिकाऊ उमेदवारास कारखान्यांत विद्यावेतन घेऊन शिकतां येतें. म्हणून जो बाप मुलास नववींतून काढून हमालीस लावितो, त्याच्या हातीं आज चार पैसे येतात खरे. पण मुलासाठीं हें दार बंद होतें. मुलींविषयींही हाच न्याय समजावा.

३. एक इशारा. प्रमाणपत्र मिळालें म्हणजे नोकरी पक्की झाली असें नव्हे. ठेकेदारामार्फत लागलेला शिकलेला तरुणही पुष्कळदां कायम कामगाराहून फार कमी मिळवितो. तथापि ज्यास वाचतां येतें तो वेतनचिठ्ठी तपासतो, भविष्य निर्वाह निधीचा हिशेब विचारतो, व न वाचतां अंगठा उठवीत नाहीं. मिळविलेली मजुरी राखणें हेंही विद्येचेंच काम आहे.

उपदेशकांनीं मंडळींत पुढील प्रश्न विचारावे :

(१) आपल्या गांवांतील किती मुलें दहावीपूर्वीं शाळा सोडतात, व कां?
(२) त्यांपैकीं कोणास फी, पुस्तकें किंवा प्रवासखर्च यांची मदत दिल्यास तीं पुन्हां शाळेंत जातील?
(३) ती मदत आपण मिळून कशी उभारूं?