वात भिजू द्या, गुर्जी

१९८४ च्या जूनमध्ये मी बल्लारशाला गाडीतून उतरलो, तेव्हा ट्रंकेत चार सदरे, एक प्रभाकर कंदील आणि भरपूर आत्मविश्वास होता. गडचिरोली जिल्हा जेमतेम दोन वर्षांचा, २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपुरातून वेगळा निघालेला. माझी शाळा एटापल्लीच्या बाजूला. आष्टी, आलापल्ली मागे टाकून एस.टी. जिथे हात टेकते तिथून पुढे पायी. मी कराडकडचा, म्हणजे हा कंदील जिथे बनायचा त्या ओगलेवाडीचा शेजारी. कंदिलाच्या बाबतीत मला कुणी काही शिकवावं, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. पुढची अकरा वर्षं रॉकेलच्या उजेडात गेली. त्यात जे उमगलं ते चुकांच्या क्रमानं सांगतो.

१. वात तेलाविना जळते, हे मला पहिल्याच रात्री कळलं आणि पटायला वर्षं लागली. नवी कोरी वात घातली, टाकी भरली, काडी ओढली. अर्धा मिनिट झकास उजेड. मग जळक्या कापसाचा वास, लाल निखारा आणि बोटभर काळी वात. मी दुकानदाराच्या नावानं बोटं मोडू लागलो. आमचे हेडगुर्जी आरमोरीकडचे. ते ओसरीवरून म्हणाले, “वात भिजू द्या ना जी, गुर्जी! काहून घाई करता? कोरडी वात सोताच जळते.” चौथीच्या विज्ञानात मीच केशाकर्षण शिकवत होतो. कापसाच्या धाग्यांमधून तेल वर चढतं, त्याची वाफ होते, ती वाफ पेटते, आणि तेल चढत असेतोवर कापूस शाबूत राहतो. फळ्यावर आकृतीसुद्धा काढायचो. पण वीस मिनिटं अंधारात बसून तेल चढायची वाट पाहायची, हे आकृतीत कुठे दाखवलेलं नव्हतं.

२. मी वात कापायचो, हेडगुर्जी पुसायचे. दोन्हींत किती अंतर आहे ते पावसाळ्यात कळलं. मी रोज संध्याकाळी कात्रीनं काळं टोक उडवून मोकळा व्हायचो. महिन्याभरात वात इतकी आखूड झाली की तिचं शेपूट टाकीतल्या तेलाला टेकेना. आणि नवी आणायची कुठून? नाल्यांना पूर आला की आठ-आठ दिवस आलापल्लीचं तोंड दिसायचं नाही. हेडगुर्जी विझलेल्या, गार झालेल्या वातीवर चिंधीचा कोपरा अंगठ्यानं एकदाच फिरवायचे, दोनदा नाही. वरची काजळीची खपली निघायची, खालचा करडा कापूस तसाच राहायचा. कात्री लावायची ती पंधरा दिवसांतून कधीतरी. तीही सरळ कापून झाल्यावर दोन्ही कोपरे किंचित खुडायचे, म्हणजे ज्योतीला शिंगं फुटत नाहीत. शिंगं फुटली की काच एका बाजूनं काळी. माझी काच कायम दोन्ही बाजूंनी काळी असायची. त्यांची एक वात वर्षभर चालायची. माझ्या किती गेल्या ते सांगत नाही.

३. काच गरम असताना धुवायची नसते. एवढंच. ती नेमकी मधोमध तडकते, आणि पुढचे बारा दिवस माणूस चिमणीच्या उजेडात वह्या तपासतो.

४. कापूस म्हणजे कापूसच हवा, हे मला पायजम्याच्या नाडीनं शिकवलं. वात संपली होती आणि नदी पार करायची सोय नव्हती. नाडीची रुंदी वातीइतकी, वीणही तशीच. मला स्वतःच्या कल्पकतेचं फार कौतुक वाटलं. बर्नर उलटा धरून नाडी खालून सरकवली, दातेरी चाकानं ती पकडली, वर टोक आलं, आणि या वेळी वीस मिनिटं थांबलोसुद्धा. पेटवली. ती कापसाची नव्हती, निदान सगळी नव्हती. टोकाचा वितळून काळा मणी झाला आणि बर्नरच्या फटीत जाऊन बसला. तो मणी मी सुईनं दोन संध्याकाळी उकरत होतो, एका हातानं पायजमा सावरत. दुसऱ्या दिवशी वर्गातल्या एका माडिया पोरानं न बोलता जुन्या धोतराची पट्टी आणून दिली. तिची घडी मी जाड केली म्हणून तेल चढेना, पातळ केली म्हणून भडका उडू लागला. शेवटी त्यानंच घडी घातली. चाक फिरवलं की वात कुरकुर न करता सरकावी, पण बोटानं ओढली तर निसटू नये, असा काहीतरी त्याचा हिशेब होता. हा हिशेब त्यानं तोंडानं कधी सांगितला नाही. पाढ्यांत मात्र मी त्याला बाराच्या पुढे नेऊ शकलो नाही, हेही इथे लिहायला हवं.

५. पाणी प्यायलेली वात तेल घेत नाही. पावसात कॅनमध्ये पाण्याचे चार थेंब शिरले तरी कंदील तडतडतो, डोळे मिचकावतो आणि मान टाकतो. मी टाकीत आणखी तेल ओतायचो. त्यानं काही होत नाही, कारण पाणी जड, ते तळाशी बसतं आणि वातीचं शेपूटही तिथेच. टाकी रिकामी करायची, वात पिळून चुलीच्या उबेला दिवसभर टांगायची, इतकंच त्यावर औषध. रेशनचं तेल निळं असायचं, म्हणून बाटलीत तळाशी साचलेलं बिनरंगी पाणी नुसत्या डोळ्यांना दिसायचं. दिसत होतं, पण मी बघत नव्हतो.

६. स्टोव्हच्या बाबतीत शहाणपण दहापट महाग पडलं, कारण वाती दहा. घरोघरी इंडियन ऑइलचा ‘नूतन’ येऊ लागला होता. माझ्याकडे मात्र बिननावाचा, वजनानं विकल्यासारखा एक होता. टाकीत थोडं तेल उरलेलं असतानाच तो विझवायचा असतो. एका रविवारी वाचनाच्या नादात भात आणि तेल एकदम संपले, आणि दहाच्या दहा वाती आपल्या जिवावर जळल्या. मग सगळं सोडवलं. भोकाभोकांची नळकांडी सोड्याच्या गरम पाण्यात रात्रभर बुडवली, सकाळी जुन्या ब्रशानं घासली. एकेका भोकातून काजळीची वळी निघत होती. ज्योत पिवळी पडते म्हणून मी वातींना शिव्या देत होतो आणि तिकडे हवेची वाटच बुजलेली. नऊ वाती एका उंचीच्या लागल्या, दहावी दोन धागे खाली राहिली. तेवढ्यानं पातेल्याचा एक कोपरा कायम गार. त्या कोपऱ्यातला भात मी पाच वर्षं कच्चा खाल्ला, पण पुन्हा सोडवायला बसलो नाही.

७. काही गोष्टी साफ करायच्या नसतात. वडशाकडे एका मंडईला, म्हणजे तिकडच्या जत्रेला, हेडगुर्जींबरोबर झाडीपट्टीचं नाटक पाहायला गेलो होतो. वीज नव्हती, मंचाच्या दोन्ही बाजूंना गॅसबत्त्या. बत्तीवाल्यानं नवी मेंटल बांधली आणि चक्क जाळून टाकली. मी ओरडणारच होतो. पण त्या कापडाला थोरियमचे क्षार लावलेले असतात. कापड जळून जातं आणि मागे राखेचं एक जाळं उरतं, तेच पुढे पांढरंशुभ्र तापून उजेड देतं. मी कौतुकानं बोट पुढे केलं. बत्तीवाल्यानं माझं मनगट धरलं आणि नाटकभर माझ्याकडे संशयानं बघत राहिला. पहाटे खलनायक मरेपर्यंत ती राख जागची हलली नाही.

आमच्याकडे वीज नव्हती, पण जिल्ह्याच्या शेजारीच, चंद्रपूरजवळच्या दुर्गापूरला, औष्णिक वीज केंद्राचे संच १९८३ पासून एकेक करून सुरू होत होते. ती वीज तारांवरून लांब लांब जायची. मी एकदा तिथून रात्री एस.टी.नं गेलो. खिडकीतून तो लखलखाट बघताना मांडीवर कागदात गुंडाळलेली नवी काच होती. ती फुटू नये एवढीच त्या वेळी चिंता होती, त्यामुळे अन्याय वगैरे शब्द सुचले ते निवृत्तीनंतर.

८. हात विसरत नाहीत, आणि ही गोष्ट दरवेळी चांगलीच असते असं नाही. गेल्या दिवाळीत पुतण्या आला होता. जेवणानंतर गच्चीवर तो हळूच एक चपटं यंत्र काढून बसला. ‘काका, हे जळकं लागतंय.’ वेप, म्हणजे ई-सिगारेट. २०१९ च्या कायद्यानं त्याचं उत्पादन, आयात, विक्री, जाहिरात, साठा, सगळ्यावर देशभर बंदी आहे. आत निकोटिन. हे मी त्याला सांगायला तोंड उघडलं. पण चामोर्शीला बदली झाल्यावर मीच मुलांपुढे तंबाखूवर भाषण करून मधल्या सुट्टीत शाळेमागे खर्र्याची पन्नी उघडायचो, आणि त्याला हे ठाऊक आहे. वाक्य घशातच राहिलं.

त्यानं यंत्र उघडलं. आत तारेचं स्प्रिंगसारखं इवलंसं वेटोळं, त्यातून ओवलेला कापूस, आणि कापसावर काळी, चिकट खपली. गोडव्यासाठी रसायनात घातलेलं काहीतरी करपून बसलेलं. मी चष्मा लावला. आता मला थांबवायला हवं होतं. त्याला नाही, मला. पण काळा कापूस चिमट्यानं ओढून काढला, वेटोळं गरम पाण्यात धुतलं, वाळवलं, बायकोच्या फुलवातींच्या डब्यातला कापूस वळला. जाड झाला, थोडा काढला. तारेतून ओढताना कुरकुर न करता सरकला, पण निसटला नाही. टोकं कापली. पुतण्यानं वरून थेंब सोडले आणि लगेच तोंडाला लावायला गेला.

‘वीस मिनिटं थांब,’ मी म्हणालो. ‘वात भिजू दे.’

‘दहाच मिनिटं लागतात, काका.’

‘वीस.’

यंत्र कठड्यावर उभं करून आम्ही दोघं बसलो. त्यानं नोकरी सुटल्याचं सांगितलं. घरी अजून माहीत नव्हतं. मी हेडगुर्जींचं, नाडीचं सांगितलं, तो हसला. मध्येच बायको फराळाचं ताट घेऊन वर आली. तिनं कठड्याकडे पाहिलं, फुलवातींच्या उघड्या डब्याकडे पाहिलं.

‘हे काय?’

‘पेन,’ मी म्हणालो.