ई-सायकल घेताय? आधी तिची ओळख तयार करा

ई-सायकलला नंबर प्लेट नसते, आणि घेताना ते सोयीचं वाटतं. मोटर 0.25 किलोवॅटहून कमी ताकदीची आणि वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत असेल, तर केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार ती मोटार वाहन ठरत नाही. आरटीओत नोंदणी लागत नाही, लायसन्स लागत नाही, विम्याची सक्ती नाही. पण सायकल चोरीला गेली की हीच सोय अंगावर येते. माझी नागपुरात बर्डीवरून गेली, तेव्हा हे नीट समजलं.

मागच्या चाकाला कुलूप होतं. पण चाकाचं कुलूप सायकल चालवू देत नाही, उचलून न्यायला मात्र अडवत नाही. वीस-पंचवीस किलोंचं वजन दोघांना गाडीत टाकायला वेळ लागत नाही. पोलिसांचा पहिला प्रश्न होता, फ्रेम नंबर काय? बिलावर मॉडेल आणि रंग तेवढा लिहिलेला होता. तशा सायकली शहरात कितीतरी. माझी कोणती, हे सांगणारा कागद माझ्याकडे नव्हता. सायकल मिळाली नाही. दुसरी घेताना मी तयारी आधी केली आणि सायकल नंतर आणली. तुम्हीही तसंच करा, म्हणून हे लिहिते आहे.

सुरुवात दुकानातच होते. फ्रेम नंबर सहसा पेडलच्या खाली किंवा हँडलखालच्या नळीवर कोरलेला असतो. तो, मोटरचा आणि बॅटरीचा नंबर बिलावर लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. तिन्ही नंबरांचे फोटो आणि सायकलसोबत स्वतःचा फोटो काढून ठेवा. विमा घेणार असाल तर दोन गोष्टी लेखी विचारा: नुसती बॅटरी चोरीला गेली तर भरपाई मिळते का, आणि कोणत्या प्रकारचं कुलूप असल्याची अट आहे? दुकानात कुणी ‘सेटिंग बदलून वेग वाढवून देतो’ म्हणालं, तर साफ नाही म्हणा. मर्यादेपुढे गेलेली सायकल कायद्याने मोटार वाहन ठरते, तेही बिननोंदणीचं.

कुलूप दोन प्रकारचं हवं. जाड यू-लॉकने फ्रेम आणि मागचं चाक एकत्र धरून जमिनीत पक्क्या रोवलेल्या लोखंडी खांबाला किंवा कठड्याला बांधा. पुढच्या चाकाला साखळी लावा. तारेचं पातळ कुलूप कटरने क्षणात तुटतं, एकट्या त्यावर विसंबू नका. बॅटरी निघत असेल तर सोबत न्या. सायकलमधला सर्वात महाग भाग तोच. सीटखाली ट्रॅकर लपवता येतो. ब्लूटूथवाला ट्रॅकर आसपासच्या फोनांच्या भरवशावर चालतो, म्हणून बर्डी-इतवारीच्या गर्दीत तो उपयोगी. शहराबाहेर सिमकार्डवाला जीपीएस बरा.

हेल्मेटची सक्ती या सायकलला नाही, पण डोक्याला ते कळत नाही. ताशी 25 किलोमीटरचा वेग म्हणजे सुमारे अडीच मीटर उंचीवरून पडताना जमिनीपाशी येणारा वेग. हेल्मेट भुवयांच्या दोन बोटं वर बसलं पाहिजे आणि मान हलवताना हलता कामा नये. आपल्याकडे उन्हाळ्यात तोंडाला दुपट्टा बांधल्याशिवाय बाहेर पडत नाही. त्याच्या जाड घड्यांवर हेल्मेट सैल बसतं आणि आपटल्यावर सरकतं. आत पातळ सुती टोपी घाला, दुपट्टा हेल्मेटखाली फक्त चेहऱ्याला आणि मानेला घ्या. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बदलाच, वरून चांगलं दिसत असलं तरी. हातमोजे, आरसा, मागचा लाल दिवा आणि रिफ्लेक्टर पट्टी हवीच, कारण ई-सायकलचा आवाज मागच्याला येत नाही. आपल्या सिमेंट रस्त्यांच्या कडेला उंचवटा असतो; त्याला चाक तिरकं लागलं की तोल जातो. वेग कमी करून, शक्य तितकं सरळ चढा.

नागपूरच्या हवेत बॅटरीही जपावी लागते. मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत जातो, आणि बहुतेक लिथियम-आयन बॅटऱ्या त्याहून गरम असताना चार्ज करायच्या नसतात. उन्हातून आल्यावर ती सावलीत निवू द्या, मग कंपनीच्याच चार्जरने, जागेपणी चार्ज करा. कूलरच्या पाण्यापासून, पलंगापासून आणि बाहेर पडायच्या दारापासून ती दूर असू द्या. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि आजूबाजूच्या वस्त्यांत पाणी शिरलं, ते विसरू नका. पावसाळ्यात सायकल तळघरात ठेवू नका. बुडालेली बॅटरी वाळवून पुन्हा लावणं धोक्याचं. ती सर्व्हिस सेंटरलाच दाखवा.

इतकं करूनही चोरी झालीच, तर त्याच दिवशी तक्रार द्या. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार खबर इलेक्ट्रॉनिक पद्धतीनेही देता येते, मात्र तीन दिवसांत सही करावी लागते. एफआयआरची प्रत मोफत मिळते, ती मागून घ्या. विमा कंपनीला लगेच कळवा. जुन्या सायकलींच्या जाहिरातींवर नजर ठेवा, पण विकणाऱ्याला एकट्याने गाठू नका. माहिती पोलिसांना द्या.

सायकलचं बजेट ठरवतानाच कुलूप, हेल्मेट आणि दिव्यांचा खर्च त्यात धरा. तेवढ्यासाठी थोडी स्वस्त सायकल घ्यावी लागली तरी घ्या. सरकारने या वाहनाला नंबर दिलेला नाही, तेव्हा ते आपलं आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी आपल्यावरच आहे.