आरशाच्या भरवशावर राहू नकोस

शिरपामाळ, जव्हार
अक्षय तृतीया

चि. बायोस,


फोनवरच सांगितलं असतं, पण फोनवर तू ‘हो मामा, हो मामा’ म्हणतेस आणि ठेवल्यावर तुझ्या मनात असतं तेच करतेस. कागदावर लिहिलेलं निदान भिंतीला चिकटवता येतं.

तीन वर्षांच्या बोहाड्याच्या उत्सवाचं शूटिंग अडीच टीबी झालं म्हणतेस. रात्र रात्र जागून टिपलेली सोंगं, संबळ, पहाटेचं देवी आणि महिषासुराचं युद्ध, सगळं एकाच ड्राइव्हवर, आणि तो आता मधूनच ‘खट् खट्’ करतो. म्हणून चार-चार टीबीचे चार नवे ड्राइव्ह आणायचे, रेड पाच लावायचं, ‘मग बघायला नको’. बायो, रेड लावल्यावरच जास्त बघावं लागतं. आधी एक कर: तो खटखटणारा ड्राइव्ह आजच बंद कर आणि नवा येईपर्यंत चालू करू नकोस. उघडून बघायचा मोह तर अजिबात नको.

हे रेड प्रकरण 1988 सालचं. पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या बर्कलीच्या तिघांनी एक निबंध लिहिला. मोठ्या संगणकाची एक महागडी डिस्क घेण्याऐवजी घरगुती संगणकाच्या पुष्कळ स्वस्त डिस्का जुंपल्या तर काम वेगात होईल, आणि त्यातली एखादी मेली तरी अडणार नाही, असं त्यांचं म्हणणं. ‘रेड’ (RAID) या नावातल्या ‘आय’चा अर्थ तेव्हा ‘स्वस्त’ असा होता. पुढे त्याचा ‘स्वतंत्र’ झाला. विकणाऱ्याला ‘स्वस्त’ कुठून परवडणार!

रेड शून्य मनातून काढून टाक. त्यात एकच फाइल दोन ड्राइव्हवर फोडून लिहितात. वेग वाढतो, पण एक गेला की दोन्ही गेले. रेड एक म्हणजे आरसा: एकावर लिहिलं की दुसऱ्यावर तेच उमटतं. रेड पाचला किमान तीन ड्राइव्ह लागतात, आणि त्यातली युक्ती मला अजूनही आवडते. समज, पहिल्या ड्राइव्हवर एक आहे, दुसऱ्यावर शून्य. तिसऱ्यावर असा आकडा लिहायचा की एकांची संख्या सम व्हावी, म्हणजे इथे एक. आता मधला ड्राइव्ह मेला. उरलेल्या दोघांवर एक आणि एक आहे, दोन, म्हणजे आधीच सम. तेव्हा हरवलेलं शून्यच असणार. असं कोट्यवधी वेळा करून मेलेला ड्राइव्ह पुन्हा लिहून काढतात. गणित शाळेतलं, पण डोकं बघ!

तरीही तुला रेड पाच नको. चारातला एक गेला की बाकीचे तिन्ही ड्राइव्ह पहिल्या इंचापासून शेवटच्यापर्यंत वाचावे लागतात, बारा टीबी, आणि तेवढा वेळ त्यातला एकही कुरकुरता कामा नये. ते ड्राइव्ह एकाच दिवशी एकाच खोक्यातून आलेले, एकाच वयाचे. शिवाय लिहिता लिहिता वीज गेली तर आकडा एक आणि बेरीज दुसरीच, असं होऊन बसतं. मृगाच्या पहिल्या सरीला आपल्याकडची वीज किती वेळा जाते, हे मोखाड्यात राहणाऱ्या मुलीला मी काय सांगू?

तेव्हा दोनच ड्राइव्ह, रेड एक. आरशाला चार-चार टीबीचे दोन पुरे. विंडोज ते 3.63 दाखवील, त्यावरून दुकानदाराशी भांडू नकोस. कंपनी हजाराने मोजते, विंडोज एक हजार चोवीसने. दोन्ही ड्राइव्ह दोन वेगळ्या दुकानांतून घे. घेताना ‘सीएमआर’ आहे ना हे विचार. दुसरा प्रकार ‘एसएमआर’, त्यात पट्टे एकमेकांवर चढवून लिहितात, आपल्या घरावरच्या कौलांसारखे. एक कौल बदलायचं तर त्यावर चढलेली पुढची उचलावी लागतात, हे तू कौलं चाळताना पाहिलं आहेस. असा ड्राइव्ह आरसा पुन्हा भरताना रडवतो. चांगल्या ड्राइव्हला, सेकंदाला दीडशे एमबी धरले तरी, चार टीबी भरायला साडेसात तास लागतात.

उरलेल्या दोन ड्राइव्हच्या पैशांचं काय करायचं ते सांगतो, पण आधी माझी फजिती ऐक. तुझ्या आईला ठाऊक आहे, तुला आम्ही कधी सांगितली नाही.

तुझ्या आजोबांच्या आवाजातली एक कॅसेट होती. बोहाड्यात कुठलं सोंग कोणत्या घराचं, कुणामागून कोण नाचायचं, हे ते ओटीवर बसून सांगत आहेत आणि मागे कोंबडा आरवतो आहे. मी ती संगणकावर उतरवली. दोन ड्राइव्हचा आरसा लावला होता, त्यामुळे छाती पुढे काढून फिरत होतो. कॅसेटची फीत पुढे बुरशीने गेली, तरी हळहळलो नाही. मग एका दुपारी जागा मोकळी करायला बसलो. ‘जुने’ नावाचं फोल्डर दिसलं. शिफ्ट दाबून डिलीट. संध्याकाळी कळलं की त्या ‘जुने’मध्येच आजोबा होते.

आरशाने त्याचं काम चोख केलं होतं. तू कपाळावरची टिकली काढलीस तर आरशातली राहील का? व्हायरस आला, तू चुकून पुसलंस, फाइल बिघडली, तर ते सगळं दुसऱ्या ड्राइव्हवरही त्याच क्षणी होतं. वीज कडाडून पॉवर सप्लाय जळला तर दोघे एकाच पेटीत बसलेले असतात. रेड फक्त एकाच संकटात धावून येतं: एक ड्राइव्ह मेला तर. तेवढ्यापुरतं ते फार चांगलं.

मी तीन दिवस जेवलो नाही, असं तुझी आई सांगते. ते खोटं आहे, मी जेवलो, पण बोललो नाही. मग तिनेच तिच्या कपाटातून एक सीडी काढली. कधीतरी मीच तिला दिलेली, साड्यांच्या घडीत पडून होती. ओरखडे होते, निम्मीच वाचली गेली. आजोबा अर्ध्या सोंगांपर्यंत सांगतात आणि थांबतात. आज जे काही आहे ते त्या साड्यांमुळे आहे.

म्हणून तिसरा ड्राइव्ह बाहेरचा, यूएसबीचा घे. महिन्यातून एकदा त्यावर नक्कल कर आणि मग तो तुझ्या घरात ठेवू नकोस. आता तो कुठे ठेवायचा? माझ्या घरासमोरच्या माळाचं बघ. 1664 च्या जानेवारीत शिवाजी महाराज सुरतेकडे जाताना इथे थांबले, जव्हारच्या विक्रमशाह राजांनी शिरपेच दिला, म्हणून हा शिरपामाळ, असं सांगतात. सांगतात, हाच शब्द महत्त्वाचा. ही गोष्ट माझ्या घरात आहे, जव्हारच्या पेठेत आहे, तुझ्या आईने ती तुला मोखाड्यात सांगितली. एखाद्या घरातली गेली तर दुसऱ्यात सापडते. तसाच तो ड्राइव्ह माझ्याकडे ठेवू. चौथ्या ड्राइव्हच्या पैशांत यूपीएस घे. पाऊस गडगडायला लागला की वीज आणि इंटरनेट दोन्हीच्या वायरी काढ. वीज इंटरनेटच्या वायरीतूनही येते.

लावताना: जुना ड्राइव्ह आणि बाहेरचा ड्राइव्ह, दोन्हींच्या केबल आधी काढून ठेव, कारण आरशासाठी पूलमध्ये, म्हणजे एकत्र जुंपलेल्या ड्राइव्हच्या गटात, घेतलेला ड्राइव्ह पुसला जातो आणि चुकून भलत्यावर खूण करायला एक क्षण पुरतो. कंट्रोल पॅनेलमध्ये ‘स्टोरेज स्पेसेस’ आहे, त्यात ‘टू-वे मिरर’ निवड. मदरबोर्डच्या रेडच्या नादी लागू नकोस. बोर्ड जळला तर तसाच बोर्ड शोधत फिरायची वेळ येऊ शकते. प्रत्येक ड्राइव्हच्या पुढच्या कडेला कागदी चिकटपट्टी लाव आणि त्यावर सिरियल नंबरचे शेवटचे चार आकडे पेनाने लिही. मेलेला ड्राइव्ह काढायला जाऊन जिवंत काढणारे मी पाहिले आहेत, आणि त्यात एक मीही होतो.

खरं शूटिंग चढवण्याआधी परीक्षा घे. पाच-पन्नास निरुपयोगी फोटो टाक, मशीन बंद कर, एका ड्राइव्हची केबल काढ, पुन्हा चालू कर. फोटो उघडतात का? इशारा कुठे दिसतो? केबल परत लावल्यावर दोघे जुळतात का? हा इशारा पाहिलेला असला की पुढे खरोखर आल्यावर तू तो ओळखशील. नाहीतर सहा महिने एकाच ड्राइव्हवर गाडी चालते आणि घरात कुणाला पत्ता नसतो.

जुन्या ड्राइव्हवरून सगळ्यात आधी जी सोंगं दुसऱ्या कुणाकडे नाहीत ती उतरव. बाकी मागाहून.

मृग लागण्याआधीच्या एखाद्या रविवारी बाहेरचा ड्राइव्ह घेऊन ये. शेवेचा स्टीलचा डबा मी रिकामा केला आहे, त्याचं झाकण घट्ट बसतं. चपलांच्या खोक्यात येतात त्या ओल शोषणाऱ्या पुड्या मामी कधीपासून जमवते आहे, त्या आत टाकू. येताना एसटीत तो मांडीवर ठेव, वरच्या फळीवर नको.

तुझा,
मामा