एकदाच पाहिलेला सिनेमा वर्षानुवर्षं पाठ का सोडत नाही?

प्रश्न : शाळेत असताना दूरदर्शनवर रात्री उशिरा ‘आक्रोश’ लागला होता. घरातले बाकीचे कंटाळून झोपून गेले, मी एकटा शेवटपर्यंत पाहत बसलो. त्यातला तो गप्प बसलेला माणूस अजूनही अधूनमधून डोळ्यांसमोर येतो. उलट मध्यंतरी वापीला जाऊन एक मोठा गाजलेला सिनेमा पाहिला, तर त्यातलं आज धड काही सांगता येत नाही. असं का होत असावं? आणि फारसे कोणी न पाहिलेले, पण असे मनात घर करून राहणारे आणखी सिनेमे आमच्या भागातल्या माणसाला सुचवाल का? – एक वाचक, तलासरी

उत्तर : ‘तो गप्प बसलेला माणूस’ एवढंच तुम्ही लिहिलंत. खटल्याचं काय झालं, वकिलाचं नाव काय, खून कोणी केला, यातलं एक अक्षर तुमच्या पत्रात नाही. इतक्या वर्षांत कथानक विरून गेलं आणि माणसाचं गप्प बसणं तेवढं टिकलं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथेच सापडतं.

‘आक्रोश’ १९८० सालचा. गोविंद निहलानी यांनी दिग्दर्शित केलेला हा पहिला चित्रपट, छायाचित्रणही त्यांचंच. पटकथा विजय तेंडुलकरांची, संवाद सत्यदेव दुबे यांचे. लहान्या भिकू या आदिवासी मजुरावर बायकोच्या, म्हणजे नागीच्या, खुनाचा आरोप आहे. भास्कर कुलकर्णी हा नवखा वकील त्याच्या बचावासाठी नेमला जातो. तो पुन्हा पुन्हा विचारतो, समजावतो, चिडतो. लहान्या तोंड उघडत नाही. ओम पुरींनी हा माणूस नुसत्या डोळ्यांवर उभा केला आहे. वकील आत आला की नजर खाली जाते, वकील पाठमोरा झाला की क्षणभर वर येते. नागीवर कोणी अत्याचार केले आणि तिला कोणी मारलं हे आपल्याला कळतं. गावातली प्रतिष्ठित मंडळी ती, संध्याकाळी एकत्र पत्ते खेळत बसणारी. लहान्याला हे सगळं ठाऊक आहे. पण घरात म्हातारा बाप आहे, लहान बहीण आहे, तान्हं मूल आहे. आपण बोललो तर त्यांचं काय होईल, हेही त्याला ठाऊक आहे.

शेवट तुम्ही विसरला नसणारच. बाप मरतो, पोलीस लहान्याला बेड्या घालून अग्नी द्यायला आणतात. चितेपाशी त्याला दिसतं की आपल्या कोवळ्या बहिणीवर कोणाची तरी नजर खिळली आहे. पुढच्या क्षणी तो कुऱ्हाड उचलतो आणि बहिणीलाच मारतो. मग तोंड वर करून ओरडतो. तोवर साठलेला आवाज तेव्हा बाहेर येतो, आणि त्यातही शब्द एकही नसतो. गुन्हेगार मोकळेच राहतात. भास्कर आपल्या ज्येष्ठांशी, सरकारी वकील दुसाने यांच्याशी, वाद घालतो आणि निघून जातो. चित्रपट तिथे थांबतो.

मानसशास्त्रात याच्याशी जुळणारा एक जुना प्रयोग आहे. ब्ल्यूमा झायगार्निक या संशोधिकेने बर्लिनमध्ये माणसांना छोटी छोटी कामं करायला दिली आणि त्यातली काही मध्येच थांबवली. पुरी झालेल्या कामांपेक्षा अर्धवट राहिलेली लोकांना अधिक आठवली, असं तिने १९२७ साली मांडलं. पुढे इतरांनी हे प्रयोग पुन्हा केले तेव्हा दर वेळी तेवढा फरक दिसला नाही, म्हणून हा नियम म्हणून सांगू नये. शिवाय अपुऱ्या शेवटाचे कितीतरी सिनेमे आपण साफ विसरतो. गोष्ट नुसती तोडून ठेवल्याने कोणी लक्षात राहत नाही. जे राहून गेलं ते आपल्या ओळखीचं असावं लागतं.

आणि तलासरीच्या माणसाला लहान्याचं गप्प बसणं ओळखीचं असणारच. नावच पाहा. लहान्या, लहानू ही तुमच्या पाड्यापाड्यांतली नावं. १९७७ साली डहाणूतून लोकसभेवर गेलेल्या लहानू शिडवा कोम यांचं नाव तेच. ठेकेदार, सावकार, फौजदार यांच्यापुढे खाली मान घालून उभं राहणं हे या भागात पिढ्यान् पिढ्या चाललं. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवराबायको दोघंही सावकाराच्या घरी राबायची, त्यांना लग्नगडी म्हणत. वेठ तर नेहमीचीच. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात ते सगळं आलेलं आहे. १९७० साली ते प्रसिद्ध झालं आणि १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. तुमच्या घरात कोणी वाचलं नसेल तरी कोणी ना कोणी ते भोगलेलं असेल.

पण इथेच मला ‘आक्रोश’शी भांडावंसं वाटतं. तलासरी तालुक्यातल्या झरी गावी मे १९४५ मध्ये हजारो वारली एकत्र जमले आणि वेठ करणार नाही असं त्यांनी मोठ्याने सांगितलं. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलासरीजवळ पोलिसांनी जमावावर गोळ्या झाडल्या, त्यात जेठ्या गांगडसह पाच जण मारले गेले. म्हणजे लहान्या पडद्यावर गप्प बसला त्याच्या पस्तीस वर्षं आधी तुमच्याकडची माणसं बोलली होती, आणि बोलण्याची किंमत मोजून बोलली होती. चित्रपटात यातलं काहीच नाही. त्यात एक धडपडणारा समाजकार्यकर्ता आहे, तोही मध्येच नाहीसा होतो. (ती भूमिका नाटककार महेश एलकुंचवार यांनी केली आहे, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.) आदिवासी तेवढा एकटा आणि मुका. शहरी प्रेक्षकाला हादरवायला हे पुरेसं होतं. झरीच्या नातवंडाला ते अपुरं वाटायला हवं. माझा तर्क असा, की तुमच्या मनात तो माणूस इतका वेळ बसून राहिला आहे तो या अपुरेपणामुळेही. आपल्या आज्याने तोंड उघडलं होतं, मग हा का उघडत नाही, हा प्रश्न शाळकरी वयात शब्दांत आला नसेल, पण पडला असेल.

आता वापीच्या सिनेमाबद्दल. तो वाईट होता म्हणून विसरलात असं मला वाटत नाही. गाजलेला सिनेमा आपण एकट्याने पाहतच नाही. त्याची गाणी आधी कानावर पडलेली असतात, जाहिरातीत मुख्य प्रसंग दिसलेले असतात, बाहेर पडल्यावर चार जण त्यावर बोलतात, मोबाईलवर त्याचेच तुकडे फिरतात. आपली म्हणून जी आठवण असते ती या गर्दीत मिसळून जाते. न गाजलेला सिनेमा कोणाशी बोलताच येत नाही, कारण दुसऱ्या कोणी पाहिलेलाच नसतो. तो मग मनातल्या मनात पुन्हा पुन्हा लावून पाहिला जातो, आणि ज्याची उजळणी होते तेच टिकतं. तुमच्या घरातले सगळे त्या रात्री जागे राहिले असते, सकाळी चहाबरोबर चर्चा झाली असती, तर कदाचित तुम्ही हे पत्र लिहिलं नसतं.

गाजणं सिनेमाला कसं झाकून टाकतं याचं ठळक उदाहरण म्हणजे ‘जैत रे जैत’. १९७७ सालचा, जब्बार पटेलांचा, गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरचा. ना. धों. महानोरांची गाणी आणि हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत घराघरांत आहे. त्या गाण्यांवर शाळेच्या स्नेहसंमेलनात नाच होतात. सिनेमा मात्र पुरता पाहिलेली माणसं शोधावी लागतात. ठाकर समाजातला नाग्या, भगताचा मुलगा, ढोल वाजवणारा. राणीमाशीने डोळा घालवला म्हणून तो लिंगोबाच्या डोंगरावरची पोळी उतरवायचा पण करतो. नाग्या मोहन आगाशे, आणि त्याची सोबतीण चिंधी स्मिता पाटील. तो जिंकतो, पण चिंधी मधमाश्यांच्या डंखांनी त्याच्यासमोर मरते, आणि देवाला काय म्हणावं हे त्याला कळेनासं होतं. गाण्यांमधून हा शेवट कोणाच्याही कानी पडत नाही. चैत्र पौर्णिमेला विवळवेढ्याच्या महालक्ष्मीच्या जत्रेत मध्यरात्री सुळक्यावर ध्वज लावायला पुजारी चढतो, ते तुम्ही पायथ्याशी उभं राहून पाहिलं असेल. ज्याने ते पाहिलंय, त्याला नाग्याचं चढणं केवळ साहस वाटणार नाही. डोंगर, देव आणि माणूस यांच्यातला व्यवहार तुमच्याकडे अजून चालू आहे. हा सिनेमा तुम्ही अख्खा पाहावा, गाणी माहीत असली तरी.

दुसरा डहाणूकरांसाठी खास. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘कासव’. २०१६ सालासाठीचं सुवर्णकमळ त्याला मिळालं. ‘श्यामची आई’, ‘श्वास’, ‘देऊळ’ आणि ‘कोर्ट’ यांच्यानंतर हा मान मिळवणारा हा मराठी चित्रपट, तरी ‘श्वास’च्या वेळी जसे लोक थिएटरात गेले तसे याला गेले नाहीत. यातही एक गप्प माणूस आहे. जीव द्यायला निघालेला, ताप अंगात घेऊन रस्त्यावर भटकणारा तरुण. आलोक राजवाडेने केलेला. जानकी (इरावती हर्षे) त्याला आपल्या घरी आणते. ती स्वतः नैराश्यातून गेलेली आहे, म्हणून ती त्याला नाव विचारत नाही, गाव विचारत नाही, काय झालं तेही विचारत नाही. जेवण ठेवते, खोली देते, दार लोटून घेते. वकील भास्कर लहान्याला बोलतं करायला धडपडतो. जानकी या मुलाला गप्प राहू देते. दोन्ही सिनेमे पाठोपाठ पाहिलेत तर हा फरक फार जाणवेल. गावात दत्ताभाऊ समुद्री कासवांची अंडी राखतात, पिल्लं पाण्याकडे जाताना कुत्र्या-पक्ष्यांपासून त्यांना वाचवतात. चाल मात्र पिल्लांनी स्वतःच चालायची.

डहाणूत हे पडद्यावर पाहायची गरज नाही. पावसाळ्यात तुमच्या किनाऱ्यावर जखमी कासवं वाहून येतात, जाळ्यात अडकून कोणाचा वल्ह्यासारखा पाय तुटलेला, कोणाच्या पाठीला जखम. वनखात्याच्या उपचार केंद्रात कार्यकर्ते आणि डॉक्टर त्यांना टाक्यांमध्ये ठेवून बरं करतात आणि पुन्हा समुद्रात सोडतात. कासव बरं होण्याला किती वेळ लागतो, आणि त्या काळात माणसाला नुसतं थांबता यावं लागतं, हे तिथे काम करणाऱ्यांना ठाऊक आहे. जानकीचं पात्र त्यांना कोणी समजावून सांगायला नको. डहाणूच्या एखाद्या शाळेने आधी केंद्र आणि मग सिनेमा असा एक दिवस मुलांना द्यावा, असं मला मनापासून वाटतं. मात्र आत्महत्येचा विषय आहे, तेव्हा वरच्या वर्गांनाच, आणि शिक्षक सोबत बसलेले हवेत.

घोलवड, डहाणूकडच्या चिकूच्या वाड्यांमधून इराणी-पारशी घरं तुम्ही जाता-येता पाहत असाल. त्या घरांच्या आतलं जग दाखवणारा ‘पेस्तनजी’ (१९८८) विजया मेहता यांनी हिंदीत केला. गोष्ट मुंबईतली आहे. फिरोजशाला जेरू आवडते, पण जिवलग मित्र पेस्तनजीचं तिच्याशी ठरतं आणि हा एक शब्द न बोलता बाजूला होतो. दूर बदलीच्या गावी बसून मित्राच्या सोन्यासारख्या संसाराची चित्रं रंगवतो. परत येऊन पाहतो तर त्या घरात कडूपणा भरलेला, पेस्तनजी दुसरीकडे गुंतलेला. नसीरुद्दीन शाह, अनुपम खेर, शबाना आझमी. मराठी रंगभूमीवरच्या इतक्या मोठ्या बाईंचं हे काम, आणि त्याचं नाव आज क्वचितच निघतं, याची मला खंत आहे.

उमेश कुलकर्णींचा ‘विहीर’ही जमलं तर पाहा. नात्यातले दोन भाऊ, त्यातला एक विहिरीत बुडतो आणि दुसरा त्याला शोधत हिंडतो. अमिताभ बच्चन यांच्या कंपनीची निर्मिती असूनही तो थोड्यांपर्यंतच पोचला. संथ आहे. दिवेलागणीनंतर, फोन बाजूला ठेवून पाहावा लागतो.

आणि ‘आक्रोश’ पुन्हा पाहणार असाल तर या वेळी एकट्याने पाहू नका. घरात किंवा पाड्यावर ऐंशीच्या पुढचं कोणी असेल, तर सिनेमा संपल्यावर त्यांना झरीबद्दल, लग्नगड्यांबद्दल विचारा, आणि ते सांगतील ते त्यांच्या बोलीत, त्यांच्याच आवाजात मोबाईलवर नोंदवून ठेवा. १९४५ पाहिलेली माणसं आता फार थोडी उरली आहेत. लहान मुलांना मात्र समोर बसवू नका. त्यातली हिंसा त्यांच्या वयाला झेपणारी नाही.